चालता संगणक भंगारात का जातो?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीला देण्यात येणारा सर्वसाधारण आधार थांबवला. ही कार्यप्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली होती. म्हणजे दहा वर्षे आणि अडीच महिने कंपनीने तिची देखभाल केली. त्या दिवशी या निर्णयामुळे जगातला एकही संगणक बंद पडला नाही. १३ तारखेला ज्या संगणकावर प्रश्नपत्रिका टाइप होत होती, त्याच संगणकावर ती १५ तारखेलाही होत होती. तरीसुद्धा या तारखेच्या मागेपुढे अनेक कार्यालयांत, महाविद्यालयांत आणि शाळांत एकच वाक्य ऐकू येऊ लागले: "हे संगणक आता निकामी झाले, काढून टाकावे लागतील."

या वाक्यात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे तपासावे असे आम्हाला वाटते. कारण जडवस्तूंच्या नोंदवहीतून संगणकाचे निर्लेखन करण्याच्या कागदावर शेवटी सही असते ती मुख्याध्यापकांची, आणि त्यांना सल्ला देणारे बहुधा आपल्यापैकीच कोणी विज्ञान शिक्षक असतात.

आमचे म्हणणे आधीच थोडक्यात सांगतो. आधार संपलेला संगणक जोडणीत ठेवणे धोक्याचे आहे, हे खरे आहे. पण तो यंत्र म्हणून संपलेला नसतो. त्याच्या आयुष्याची तारीख धातू आणि सिलिकॉन यांनी ठरवलेली नसून एका कंपनीच्या कार्यालयात ठरलेली असते. ज्यांनी ती ठरवली त्यांच्या हिशेबात त्यापायी होणाऱ्या कचऱ्याचा खर्च जवळजवळ दिसत नाही. आमची टीका आहे ती या हिशेबावर.

आधार म्हणजे नेमके काय?

संगणकाचे यंत्रभाग आणि आपण वापरतो ती सॉफ्टवेअरे यांच्यामध्ये कार्यप्रणाली असते. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, फाइल तबकडीवर लिहिणे, छपाईयंत्राला आज्ञा देणे, बाहेरच्या जाळ्याशी बोलणे ही सारी कामे ती करते. आजच्या कार्यप्रणालीत आज्ञांच्या कोट्यवधी ओळी असतात. माणसांनी लिहिलेल्या इतक्या ओळींत चुका राहणारच. काही चुका निरुपद्रवी असतात, तर काही चुकांमधून बाहेरच्या माणसाला आत शिरता येते. अशी भगदाडे संशोधकांनाही सापडतात आणि चोरांनाही. ती सापडली की कंपनी ठिगळ तयार करते आणि सर्व संगणकांना पाठवते. मायक्रोसॉफ्टची ठिगळे साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. हे ठिगळ लावण्याचे काम म्हणजेच आधार.

कौलारू घराची दर वर्षी पावसाळ्याआधी शाकारणी करतात, तसेच हे आहे. एखाद्या वर्षी शाकारणी चुकली म्हणून घर दुसऱ्या दिवशी पडत नाही. पण कौले सरकत जातात आणि कधीतरी पाणी आत येतेच. येथे पाऊस म्हणजे इंटरनेटची जोडणी. जो संगणक जाळ्याला जोडलेलाच नाही, त्याच्यावर हा पाऊस जवळजवळ पडत नाही. बाहेरून आणलेल्या पेनड्राइव्हमधून येतील तेवढेच शिंतोडे.

आमच्या प्रयोगशाळांच्या जगात हे रोज दिसते. लाखो रुपयांचा वर्णपटमापक पंधरा-वीस वर्षे उत्तम चालतो, पण त्याला चालवणारे सॉफ्टवेअर फक्त जुन्या कार्यप्रणालीवरच चालते. 'विंडोज एक्सपी'चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत एक्सपीवर चालणारे संगणक अशा उपकरणांशेजारी काम करीत राहिले. त्यांची जाळ्याची तार काढून ठेवली, एवढीच काळजी घेतली गेली. म्हणून 'आधार संपला' आणि 'उपयोग संपला' ही दोन वेगळी विधाने आहेत, हे प्रथम ध्यानात ठेवले पाहिजे.

धोका खरा आहे

याचा अर्थ सुरक्षिततेचा मुद्दा बनाव आहे असा नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक पकडले. ब्रिटनमधल्या अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्या विषाणूने वापरलेल्या भगदाडाचे ठिगळ मार्च २०१७ मध्येच निघाले होते. ज्यांनी ते लावले होते ते वाचले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, सापडलेले बहुसंख्य संगणक 'विंडोज ७'चे होते, आणि विंडोज ७ला तेव्हा आधार चालू होता. तो १४ जानेवारी २०२० पर्यंत होता. ठिगळ उपलब्ध होते, पण लावलेले नव्हते. म्हणजे नवी प्रणाली विकत घेतल्याने सुरक्षितता आपोआप येत नाही, निगा राखावी लागते. दुसरी गोष्ट अशी की, हल्ला पसरल्यावर कंपनीने तीन वर्षांपूर्वी आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीही ठिगळ सर्वांना खुले केले. ठरवले तर जुन्या प्रणालीचीही डागडुजी करता येते, हे तेव्हा जगाने पाहिले.

विंडोज १०च्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट आहे. ज्या संस्था पैसे भरतील, त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत ठिगळे मिळण्याची योजना कंपनीने जाहीर केली. व्यापारी संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट असा दर ठरला. शैक्षणिक संस्थांसाठी पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या एका वर्षाला ३० डॉलर, किंवा संगणकातल्या मांडणीची प्रत कंपनीच्या खात्यात ठेवल्यास फुकट. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या घरगुती ग्राहकांना ते वर्ष या अटीशिवाय फुकट मिळाले.

ही यादी जरा शांतपणे वाचावी. ठिगळे तयार होणारच आहेत. ती बनवणारी माणसे कामावर आहेत. प्रश्न फक्त ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही एवढाच आहे. तेव्हा "जुनी प्रणाली सुरक्षित ठेवणे आता शक्य नाही" असे कोणी सांगितले, तर ते वाक्य "आम्ही ती सर्वांसाठी सुरक्षित ठेवणार नाही" असे दुरुस्त करून वाचावे.

रेघ कोठे आणि कशी ओढली?

जुनी प्रणाली काढून नवी घालावी, एवढेच असते तर गोष्ट सोपी होती. 'विंडोज ११' ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली, आणि पात्र संगणकांना ती फुकट मिळते. अडचण 'पात्र' या शब्दात आहे. तिला ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण पुरते. त्या बाबतीत बहुतेक जुने संगणक पास होतात. पण तिला 'टीपीएम २.०' ही गुप्तकिल्ल्या सांभाळणारी सोय लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे २०१८ साली दुकानातून नवा म्हणून आणलेला, पण सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेला संगणक सात वर्षांतच बाद ठरतो.

या रेघेमागे तांत्रिक कारण आहे काय? काही प्रमाणात आहे. नव्या प्रणालीत गाभ्यातल्या आज्ञा भेसळयुक्त नाहीत ना, याची सतत तपासणी करण्याची योजना आहे. प्रोसेसरमध्येच त्यासाठी खास सोय असेल तर ही तपासणी वेग न घटवता होते. ही सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आहे. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती 'झेन २' रचनेपासून आली. आता कंपनीची यादी पाहा. सोय असलेली इंटेलची सातवी पिढी, काही अपवाद सोडता, यादीबाहेर आहे. आणि सोय नसलेले 'झेन प्लस' रचनेचे रायझन २००० मालिकेतले प्रोसेसर यादीत आहेत. रेघ जर या सोयीवरून ओढली असती, तर ती दुसरीकडे पडली असती.

अपवादही पाहण्यासारखे आहेत. सातव्या पिढीतला 'आय-७ ७८२०एचक्यू' हा प्रोसेसर ऑगस्ट २०२१ मध्ये यादीत घेतला गेला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या 'सरफेस स्टुडिओ २' या महागड्या संगणकात तोच प्रोसेसर होता. त्याच पिढीतल्या इतरांच्या साध्या संगणकांना मात्र ही मुभा मिळाली नाही.

बावन्न टक्क्यांचा धडा

त्याच वेळी कंपनीने आपल्या निर्णयाच्या समर्थनार्थ एक आकडा दिला. चाचणीच्या काळात अपात्र संगणकांवर गाभ्यातले बिघाड ५२ टक्क्यांनी जास्त झाले, तर पात्र संगणकांचा अनुभव ९९.८ टक्के बिघाडमुक्त होता. ५२ टक्के ऐकले की वाटते, जुना संगणक निम्मा वेळ बंदच पडत असणार.

नववीच्या वर्गात हा आकडा फळ्यावर मांडून पाहावा. पात्र संगणक ९९.८ टक्के बिघाडमुक्त, म्हणजे बिघाड ०.२ टक्के. त्यात ५२ टक्के वाढ, म्हणजे ०.२ × १.५२ = ०.३०४. याचा अर्थ अपात्र संगणक सुमारे ९९.७ टक्के बिघाडमुक्त. दोन्ही आकडे अगदी एकाच मापाने मोजलेले नसतील, म्हणून हे गणित ढोबळ समजावे. तरी चित्र कसे बदलते पाहा. हजारातल्या दोनच्या जागी तीन. 'तीन' या आकड्यासाठी चालता संगणक टाकून द्यावा काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा. सापेक्ष वाढ मोठी आणि प्रत्यक्ष वाढ लहान असू शकते, हा संख्याशास्त्रातला पहिला धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला आठवत नाही.

दुसऱ्या बाजूचे आकडेही तपासू

टीका एकाच बाजूवर करणे योग्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये 'कॅनालिस' या बाजार-अभ्यासक संस्थेने अंदाज वर्तवला की, विंडोज १०चा आधार संपल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. ते सारे घडी केलेल्या लॅपटॉपसारखे एकावर एक रचले, तर थप्पी चंद्राच्याही पलीकडे जाईल, असे चित्रही त्यांनी रंगवले. हा आकडा त्यानंतर सर्वत्र फिरला, आणि फिरताना त्यातले 'शकतात' गळून पडले.

अपात्र संगणकांची संख्या आणि प्रत्यक्ष कचऱ्याची संख्या एक नव्हे. काही जण जुनी प्रणालीच वापरत राहतात, काही पैसे भरून ठिगळे घेतात, काही दुसरी कार्यप्रणाली घालतात. तेव्हा १५ ऑक्टोबरला २४ कोटी संगणक उकिरड्यावर आले, असे वर्गात सांगू नये.

पण कॅनालिसच्या अंदाजामागचे कारण मात्र अचूक होते. संगणकाचे आयुष्य एका मालकाबरोबर संपत नाही. मोठे कार्यालय चार-पाच वर्षांनी संगणक विकते, व्यापारी तो साफसूफ करून पुन्हा विकतो, मग तो छोट्या दुकानात, क्लासमध्ये किंवा शाळेत जातो. या साखळीमुळेच यंत्र आणखी पाच-सहा वर्षे कामी येते. आधार संपलेल्या संगणकाला व्यापाऱ्याकडे भाव राहत नाही. साखळी तिथे तुटते आणि पुनर्विक्रीचा माल एका दिवसात भंगाराचा माल होतो. कचरा तयार होण्याची खरी जागा ही आहे.

आपल्या शाळांचा संबंध येथे थेट येतो. कंपन्या आणि माजी विद्यार्थी जुने संगणक शाळांना देणगी देतात. हेतू बहुधा चांगलाच असतो. पण याच काळात आलेली दहा-वीस संगणकांची देणगी म्हणजे देणाऱ्याच्या दारातला कचरा आपल्या दारात, असेही होऊ शकते. ती स्वीकारण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी, कार्यप्रणाली आणि तिच्या आधाराची तारीख ही तीन माहितीची कलमे लेखी मागून घ्यावीत. शाळा गरीब आहे म्हणून तिने काहीही घ्यावे, असे नाही.

वजनाने न मोजता येणारा तोटा

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. छोट्या संगणकीय व दूरसंचार साधनांचा वाटा ४६ लाख टन आणि पडद्यांचा ५९ लाख टन. लॅपटॉप या दुसऱ्या गटात मोजतात. दोन्ही मिळून एकूण वजनाचा सुमारे सहावा हिस्सा होतो, आणि त्यात दूरचित्रवाणी संच आणि मोबाइलही आले. मग संगणकांचीच एवढी चर्चा का, असे कोणी विचारील.

उत्तर असे की, वजन हे येथे अपुरे माप आहे. २००२ साली विल्यम्स, एअर्स आणि हेलर या संशोधकांनी दोन ग्रॅम वजनाच्या एका स्मृती-चिपचा हिशेब मांडला. ती बनवायला आणि वापरायला किमान १,६०० ग्रॅम जीवाश्म इंधन, ७२ ग्रॅम रसायने आणि बनवायला ३२ लिटर पाणी लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या आठशे पट इंधन! २००४ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासाने त्या काळच्या एका टेबल-संगणकासाठी, मॉनिटर धरून, २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी असा आकडा दिला. यंत्रे तेव्हापासून बदलली आहेत, पण मूळ कारण बदललेले नाही. चिपची किंमत तिच्यातल्या पदार्थात नसून त्या पदार्थाच्या मांडणीत असते. अतिशुद्ध सिलिकॉनवर अब्जावधी स्विच नेमक्या जागी बसवण्यात ऊर्जा खर्च होते.

म्हणूनच "पुनर्चक्रीकरण करू" हे उत्तर पुरेसे नाही. एक टन सर्किट-पट्ट्यांतून दोनशे ग्रॅमच्या आसपास सोने निघू शकते, तांबेही निघते. धातू परत मिळतो. मांडणीत घातलेली ऊर्जा मात्र एक कणभरही परत मिळत नाही. वितळवलेल्या चिपपासून चिप होत नाही. शिवाय आपल्याकडे हे काम कसे चालते, हे दिल्लीतल्या सीलमपूरने आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादने दाखवून दिले आहे. उघड्यावर तारा जाळून तांबे आणि आम्लात पट्ट्या बुडवून सोने काढायचे, आणि त्यातले शिसे, धूर आणि आम्ल काम करणाऱ्यांच्या श्वासात, हातांवर आणि जमिनीत जायचे.

"पण नवा संगणक वीज कमी खातो," असा एक आक्षेप येतो. तोही आकड्यांनी तपासू. समजा शाळेतला जुना टेबल-संगणक ८० वॅट घेतो आणि नवा छोटा संगणक ३० वॅट. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २०० दिवस धरले तर १,२०० तास होतात. वाचलेली वीज ५० × १,२०० = ६०,००० वॅट-तास, म्हणजे ६० युनिट. भारतात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू सोडला जातो. म्हणजे वर्षाला ४२ किलोची बचत. आता नवा संगणक बनवतानाचा कर्बवायू पाहा. कंपन्यांच्या स्वतःच्या पत्रकांत सर्वसाधारण लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्याचा आकडा बहुधा २०० ते ३०० किलो असतो आणि त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश निर्मितीचा. तो १९० किलो धरला, तर फेड व्हायला साडेचार वर्षे लागतात. जुने यंत्रही लॅपटॉपच असेल, तर बचत नगण्य आणि फेड जवळजवळ कधीच नाही.

दुसरी वाट आणि तिच्यावरचे खाचखळगे

अपात्र संगणकावर लिनक्सची एखादी आवृत्ती घालता येते. हे नुसते सुचवणे नव्हे, आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर झालेले काम आहे. केरळ सरकारने २००१ साली 'आयटी@स्कूल' प्रकल्प सुरू केला. पुढे तो 'काइट' या संस्थेत रूपांतरित झाला. तिथल्या सरकारी शाळांत माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर दिले जाते आणि शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती तयार होते. सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स आवृत्ती काढली आणि शाळांसाठी 'एज्युबॉस'ही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही उपलब्ध आहेत.

तरी मुक्त सॉफ्टवेअर हा जादूचा दिवा नाही, हे सांगितलेच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३' या आवृत्तीने जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. वापरणारे फार थोडे उरले की स्वयंसेवकही थकतात. फरक एवढाच की, तेथे कोणाला काम पुढे न्यायचे असेल तर मूळ आज्ञावली खुली असते, कोणाची परवानगी लागत नाही.

मराठी शाळेत खरी अडचण वेगळीच येते. पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि पत्रव्यवहार युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला असतो. नव्या प्रणालीवर तो मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्हणून आधी महत्त्वाच्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. छपाईयंत्र चालते ना, ते पाहावे. शाळेची शासकीय माहिती भरण्याचे काम मात्र आता बहुतेक ब्राउझरमधूनच होते, त्यामुळे 'सरल' किंवा 'यू-डायस'साठी अमुकच कार्यप्रणाली हवी, ही भीती बरीचशी अनाठायी आहे. एक संगणक बदलून महिनाभर वापरून पाहावा, मग बाकीच्यांचा विचार करावा. जुनी फिरती तबकडी काढून एसएसडी बसवली आणि स्मृती ८ जीबी केली, तर बहुतेक यंत्रांचा वेग लक्षणीय वाढतो.

मागणी कोणाकडे करायची?

शाळांनी काटकसर करावी आणि निर्णय घेणाऱ्यांनी मोकळे राहावे, असे आम्हाला म्हणायचे नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांच्या एखाद्या प्रकाराची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे कार्यप्रणालीची सुधारित आवृत्ती पुरवावी लागते. संगणकांना मात्र हा नियम लागू नाही. कायद्याचा धाक नसतानाही काही बदल झाले आहेत. अमेरिकेतल्या ग्राहक संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये शाळांतल्या 'क्रोमबुक' लॅपटॉपच्या अल्पायुष्यावर टीका केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने २०२१ पासूनच्या क्रोमबुकांना दहा वर्षांचा आधार जाहीर केला. टीकेचा उपयोग होतो, याचे हे उदाहरण.

आपल्या देशात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. उत्पादकाने ठरावीक वजनाचे पुनर्चक्रीकरण करवून घ्यावे, असे बंधन त्यात आहे, आणि वस्तू दुरुस्त करून तिचे आयुष्य वाढवणाऱ्यांचीही दखल त्यात घेतली आहे. पण ज्याने संगणक घडवला त्याच्यावर हे बंधन येते. ज्याने कार्यप्रणालीची तारीख ठरवून तो बाद केला त्याच्यावर काहीच येत नाही. ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयी अहवाल दिला. त्यात सॉफ्टवेअर सुधारणांचा निकष आहे, हे स्वागतार्ह आहे. पण तोही आधी मोबाइल आणि टॅब्लेटपुरता.

आमच्या मते तीन गोष्टी मागायला हव्यात. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तशी संगणकाच्या खोक्यावर आधाराची शेवटची तारीख छापावी. सुरक्षेची ठिगळे आणि नव्या सोयी यांची फारकत करावी. नव्या सोयी ज्याला हव्यात त्याने नवे यंत्र घ्यावे, पण ठिगळ प्रत्येक चालत्या यंत्राला मिळावे. आणि सरकारी खरेदीच्या निविदेत किमान दहा वर्षांच्या आधाराची अट असावी. तिसरी मागणी सर्वांत सोपी आहे, कारण शाळांसाठी संगणकांची घाऊक खरेदी सरकारच करते.

वर्गात करण्यासारखे

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून शाळेतल्या सर्व संगणकांची पाहणी करून घ्यावी. खरेदीचे वर्ष, प्रोसेसर, स्मृती, कार्यप्रणाली आणि सध्याची अवस्था असे रकाने करावेत. बंद असलेल्या प्रत्येक संगणकापुढे कारण लिहावे: भाग बिघडला, आधार संपला, की 'माहीत नाही'. तिसऱ्या रकान्यातले संगणक उघडून पाहावेत. त्यांपैकी काही नुसती धूळ काढून आणि मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल बदलून सुरू होतील, असा आमचा अंदाज आहे. जे खरोखरच संपले असतील, त्यांचे निर्लेखन जरूर करावे. मात्र ते हातगाडीवर न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावेत आणि पावती घ्यावी.

हे तक्ते आमच्याकडे पाठवा. बंद संगणकांपैकी किती यंत्र म्हणून संपले आणि किती केवळ तारखेमुळे बाजूला पडले, हे निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या पन्नास शाळांच्या तक्त्यांवरून बरेच स्पष्ट होईल. पुढच्या खरेदीच्या वेळी शिक्षण विभागापुढे ठेवायला तो कागद आपल्या हाती असेल.